ट्रॉम्बेची अणुभट्टी आणि पोखरणचा स्फोट



भिवंडीच्या यंत्रमागांवर विणलेलें कापड आपणांस ठाऊकच आहे. त्याचें सूत बाहेरच्या गिरणींतून येतें, ताण्याला खळ निराळ्या कारखान्यांत लागते, आणि रंगणी तिसऱ्याच ठिकाणीं होते. अणुबाँबाचेंही असेंच आहे. त्याचे भाग ठिकठिकाणीं तयार होतात, आणि शेवटीं ते कोठें तरी जुळवावे लागतात. अमेरिकेंत ही जुळणी टेक्सस राज्यांतील अमॅरिलो शहराजवळच्या पॅन्टेक्स कारखान्यांत होते. १९४२ सालीं साध्या बाँबांसाठीं उभारलेल्या या कारखान्याकडे १९५१ पासून अण्वस्त्रांचें काम आलें. जुनीं अस्त्रें सुटीं करण्याचें कामही तेथेंच चालतें.

भारताच्या पहिल्या अणुस्फोटाचा गाभा मात्र शस्त्रांच्या कारखान्यांत नव्हे, तर एका संशोधनसंस्थेंत सिद्ध झाला. ही संस्था भिवंडीहून फार दूर नाहीं. मुंबईच्या पूर्व अंगास, खाडीच्या कांठीं, ट्रॉम्बे येथें डॉ. होमी भाभा यांनीं १९५४ सालीं तिचा पाया घातला. १९५६ सालीं ‘अप्सरा’ ही पहिली अणुभट्टी सुरू झाली. १९६० सालीं कॅनडाच्या साह्यानें ‘सायरस’ उभी राहिली. तिच्यासाठीं लागणारें जड पाणी अमेरिकेनें दिलें.

या भट्टीचें महत्त्व काय? तिच्यांतील युरेनियमवर न्यूट्रॉनांचा मारा झाला म्हणजे त्याचा कांहीं अंश प्लुटोनियम बनतो. जळालेल्या कांड्या आम्लांत विरघळवून तें रासायनिक रीतीनें वेगळें काढावें लागतें. त्यासाठीं होमी सेठना यांच्या देखरेखीखालीं उभारलेला कारखाना १९६४ सालीं ट्रॉम्बेस चालू झाला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत चीननें आपला पहिला बाँब उडविला.

प्लुटोनियमच्या गाभ्याभोंवतीं स्फोटकांचें वेष्टण असतें. त्याचे सर्व भाग एकाच क्षणीं पेटले, तरच गाभा सर्व बाजूंनीं सारखा दाबला जाऊन साखळीक्रिया भडकते. हें वेष्टण चंदीगडच्या संरक्षण-प्रयोगशाळेंत तयार झालें. राजा रामण्णा, पी. के. अय्यंगार, आर. चिदंबरम् आदि शास्त्रज्ञांनीं गाभ्याचें काम तडीस नेलें. मग सर्व भाग राजस्थानांत पोखरण येथें नेऊन जुळविण्यांत आले, आणि १८ मे १९७४ रोजीं भूमीखालीं स्फोट झाला.

सरकारनें त्यास शांततामय स्फोट म्हटलें. परंतु कॅनडानें व अमेरिकेनें जें साहाय्य दिलें, तें शांततेच्या कार्यासाठींच दिलें होतें. कॅनडानें अणुसहकार्य थांबविलें, आणि अणुसामग्रीच्या व्यापारावर जगभर कडक निर्बंध आले. पुढें मे १९९८ मध्यें पोखरण येथें पुन्हां चांचण्या झाल्यावर भारतानें आपण अण्वस्त्रधारी असल्याचें उघड जाहीर केलें. ‘सायरस’ २०१० च्या अखेरीस बंद झाली.

याच ट्रॉम्बेहून रोग्यांच्या उपचारांसाठीं किरणोत्सारी द्रव्यें गेलीं, आणि शेतकऱ्यांना भुइमुगाचे नवे वाण मिळाले. भट्टी एकच, तिच्यांतून औषधही निघतें आणि अस्त्रही. त्यांतील कोणतें निघावें हें भट्टी ठरवीत नाहीं, तिचे धनी ठरवितात. आणि लोकशाहींत धनी म्हणजे अखेर आपण सर्व नागरिक. म्हणून या कुंपणाआड काय चालतें हें समजून घेणें, हें केवळ शास्त्रज्ञांचें काम नव्हे. तें आपलेंही कर्तव्य आहे.