चौदा वर्षांखालील संघ आणि हाडांचे वय

शालेय क्रीडास्पर्धांचा हंगाम जवळ आला की दवाखान्यात एक मागणी हमखास येते. "डॉक्टर, पोराची उंची वाढायला काहीतरी लिहून द्या." मुलगा बहुधा आठवीतला, चपळ, आणि उंची कमी म्हणून बास्केटबॉलच्या नाहीतर कबड्डीच्या संघातून वगळलेला असतो. शनिशिंगणापूरच्या परिसरात याला साडेसातीचीही जोड मिळते. त्याविषयी मी काही बोलणार नाही. पण शनैश्चर या शब्दाचा अर्थच सावकाश चालणारा असा आहे, आणि काही मुलांची वाढ तशीच सावकाश चालते. तो आजार नव्हे.

मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षी आणि मुलांची चौदाव्या वर्षी सर्वांत झपाट्याने वाढते. त्या एका वर्षात मुलगा ९-१० सेंटिमीटर वाढू शकतो. पण ही झाली सरासरी. तेरा वर्षांच्या दोन मुलांच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढला, तर एकाची हाडे अकरा वर्षांच्या मुलासारखी आणि दुसऱ्याची पंधरा वर्षांच्या मुलासारखी दिसू शकतात. दोघांचे वर्ग एक, गट एक. त्यात स्पर्धेचे वय १ जानेवारी ही तारीख धरून मोजतात, म्हणजे जानेवारीत आणि डिसेंबरात जन्मलेली मुले एकत्र खेळतात. त्या वयात अकरा महिने थोडे नव्हेत.

निवड करणाऱ्याला समोर दिसते ती आजची उंची आणि ताकद. अमेरिकेत १९७८ साली पंधरा वर्षांच्या मायकेल जॉर्डनला शाळेच्या मुख्य संघात घेतले नाही. त्याच्याऐवजी त्याचा उंच वर्गमित्र घेतला गेला. जॉर्डन तेव्हा ५ फूट १० इंचांच्या आसपास होता, पुढे ६ फूट ६ इंच झाला. प्रत्येक बुटका मुलगा जॉर्डन होतो असे नाही, पण तेराव्या वर्षीचा निकाल किती कच्चा असतो ते यावरून कळावे.

नुकसान लवकर वाढलेल्या मुलांचेही होते, आणि त्याकडे कोणी बघत नाही. सहावीतली उंच मुलगी बास्केटखाली उभी केली जाते. चेंडू टप्पे देत नेणे, पास देणे तिला कोणी शिकवत नाही. पाळी सुरू झाल्यावर तिची उंची साधारण ५ ते ७ सेंटिमीटरच वाढते. दहावीपर्यंत मैत्रिणी तिच्या बरोबरीला येतात आणि हिच्या हातात कौशल्य काहीच नसते. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्यांत उंची-वजनाबरोबर धाव आणि उडीही पाहतात, हे बरे. परंतु ताकद आणि वेगसुद्धा शरीर वयात येताना झपाट्याने वाढतात, हे परीक्षकांनी ध्यानात ठेवावे.

उंची वाढवणाऱ्या पावडरी आणि गोळ्यांवर पैसे घालवू नका. हार्मोनची इंजेक्शने तज्ज्ञांच्या तपासणीशिवाय तर मुळीच नकोत. मी आधी वडिलांना विचारतो, "तुम्हाला मिसरूड कधी फुटलं?" "कॉलेजात गेल्यावर" असे उत्तर आले की बरेचसे कोडे सुटते, कारण उशिरा वाढणे पुष्कळदा घराण्यातच असते.

घरी एक काम करावे. शिंगणापूरच्या जुन्या घरांना कवाड नसले तरी चौकट असते. दर तीन महिन्यांनी मुलाला अनवाणी, टाचा टेकवून उभे करावे आणि चौकटीवर खूण करून तारीख लिहावी. वर्षभरात वाढ ४ सेंटिमीटरहून कमी भरली, चौदा वर्षांपर्यंत मुलगा वयात येण्याचे एकही लक्षण दिसले नाही, किंवा मुलीच्या बाबतीत तेराव्या वर्षापर्यंत छातीची वाढ सुरू झाली नाही, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. थायरॉइडचा दोष, जुनाट पोटाचा विकार, रक्तक्षय यांची तपासणी करता येते आणि त्यांवर उपचारही आहेत.