एकच फार्मा शेअर, चार सूत्रं: उत्तरं वेगळी आली तर काय करायचं?

ब्रोकरच्या ॲपमध्ये एखादा शेअर उघडला की चार्टच्या खाली आकड्यांची रांग दिसते. पी/ई, आरओई, डेट टू इक्विटी, ५२ आठवड्यांचा उच्चांक. बरेच जण चार्ट बघतात, आकडे सोडून देतात आणि थेट 'बाय' दाबतात. या आकड्यांना आधीच ठरवलेले नियम लावून शेअर निवडणं, याला म्हणतात क्वांट पद्धत. इथे टिप, बातमी, 'मला वाटतं' याला जागा नाही. नियम आधी, शेअर नंतर.

आज आपण एकच मोठी कंपनी घेऊ आणि तिला चार नियम लावू. कंपनी आहे सन फार्मा. १९८३ मध्ये सुरू झालेली, मुख्यालय मुंबईत गोरेगावला. ही लार्ज कॅप आहे, म्हणजे बाजारमूल्यानुसार देशातल्या पहिल्या १०० कंपन्यांपैकी एक. ही यादी ॲम्फी दर सहा महिन्यांनी काढते. मी मुद्दाम एप्रिल २०१५ ही वेळ निवडलीय, कारण पुढे काय झालं ते आज आपल्यासमोर आहे. म्हणजे सूत्रांचीच परीक्षा घेता येईल.

१. मोमेंटम

नियम सोपा आहे: गेल्या ६ आणि १२ महिन्यांत जो इतरांपेक्षा जास्त चढला, तो घ्या. एनएसईचा निफ्टी २०० मोमेंटम ३० हा इंडेक्स याच तत्त्वावर चालतो. फक्त तो वाढीला चढउताराने भागतो, म्हणजे हेलकावे खात चढलेल्या शेअरपेक्षा शांतपणे चढलेल्याला जास्त गुण मिळतात. एप्रिल २०१५ मध्ये सन फार्मा १,१०० रुपयांच्या वर, उच्चांकाजवळ होता. सूत्राचं उत्तर: घ्या.

२. व्हॅल्यू

जोएल ग्रीनब्लाट यांनी २००५ च्या पुस्तकात 'मॅजिक फॉर्म्युला' मांडला. त्यात दोन प्रश्न आहेत: कंपनी भांडवलावर किती कमावते, आणि ती कमाई आपल्याला किती स्वस्तात मिळतेय? दुसऱ्या प्रश्नाचं सोपं रूप म्हणजे पी/ई उलटा करा. पी/ई ४० असेल तर १०० रुपयांमागे कमाई फक्त अडीच रुपये. सन फार्माचा पी/ई तेव्हा ४० च्या वर होता, आणि बँकेची एफडी ८ टक्क्यांच्या पुढे देत होती. सूत्राचं उत्तर: महाग आहे, थांबा.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. औषध कंपनीचा संशोधनावरचा बराचसा खर्च त्याच वर्षीच्या नफ्यातून वजा होतो, फायदा मात्र नंतर येतो. त्यामुळे फार्माचा पी/ई फार्माशीच ताडून बघा, बँकेशी नाही.

३. पियोट्रोस्की स्कोअर

जोसेफ पियोट्रोस्की यांनी २००० साली नऊ प्रश्न मांडले. प्रत्येक 'हो' ला एक गुण. नफा आहे का? धंद्यातून रोख पैसा येतोय का? तो नफ्यापेक्षा जास्त आहे का? कर्जाचं प्रमाण घटलं का? नवे शेअर न काढता वर्ष गेलं का? असे. सन फार्माने रॅनबॅक्सी विकत घेतली ती शेअरच्या बदल्यात: रॅनबॅक्सीच्या एका शेअरला सनचे ०.८ शेअर. एप्रिल २०१४ मध्ये घोषणा, मार्च २०१५ मध्ये सौदा पूर्ण. एकूण शेअर साधारण २०७ कोटींवरून २४० कोटींवर गेले. म्हणजे एक गुण नक्की गेला. तोच नफा आता जास्त वाटेकऱ्यांत वाटला जाणार, हे या प्रश्नाने बरोबर पकडलं.

४. क्वालिटी

निफ्टी २०० क्वालिटी ३० इंडेक्स तीन गोष्टी बघतो: आरओई, कर्ज, आणि पाच वर्षांत प्रति शेअर कमाई किती स्थिर वाढली. विलीनीकरणाआधी सनवर कर्ज नगण्य होतं, कमाईही चांगली होती. नंतर मात्र दोन कंपन्यांचे आकडे एकत्र आले आणि जुन्या-नव्या वर्षांची तुलनाच बिघडली. सूत्राचं उत्तर: आधी पास, आता सांगता येत नाही.

मग पुढे काय झालं?

डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने, म्हणजे यूएसएफडीएने, कंपनीच्या गुजरातमधल्या हालोल कारखान्याला वॉर्निंग लेटर दिलं. अमेरिकेत जेनेरिक औषधांचे भावही पडत गेले. मार्च २०२० मध्ये शेअर ३५० रुपयांच्या खाली होता. २०१५ ची पातळी परत दिसायला साधारण २०२३ उजाडलं. एक लाख गुंतवणाऱ्याने मधल्या काळात सत्तर हजारांच्या आसपास घट बघितली असती.

हालोलची तपासणी सप्टेंबर २०१४ मध्येच झाली होती. पण चारपैकी एकाही सूत्रात 'कारखान्याची तपासणी' नावाचा कॉलम नाही. सूत्र ताळेबंद वाचतं, कारखाना बघत नाही. शिवाय ताळेबंदही उशिरा येतो: तिमाही निकालांना ४५ दिवसांपर्यंत मुदत असते.

म्हणून मी माझ्या फोनमधल्या शीटमध्ये प्रत्येक शेअरला पाच कॉलम ठेवतो. चार सूत्रांचे, आणि पाचवा हाताने भरायचा: यूएसएफडीएची पत्रं, पेटंट, मोठे सौदे. यूएसएफडीए आपली वॉर्निंग लेटर्स वेबसाइटवर टाकते, ती कोणीही वाचू शकतं.

आणि मतं मोजू नका. 'चारपैकी तीन हो, म्हणजे घ्या' हा हिशेब फसवा आहे. पी/ई आणि प्राइस टू बुक ही दोन मतं वाटतात, पण दोन्हीत किंमत एकच असते. उत्तरं वेगळी आली की कुठे वेगळी आली ते बघा. २०१५ मध्ये मोमेंटम 'घ्या' म्हणत होतं, व्हॅल्यू 'महाग' म्हणत होतं. याचा साधा अर्थ: बाजाराने चांगल्या बातम्यांचे पैसे आधीच मोजलेत, आता एक वाईट बातमी पुरेशी आहे. अशा वेळी रक्कम लहान ठेवणं हाही एक निर्णयच असतो.

हा लेख पद्धत समजावण्यासाठी आहे, सन फार्मा घ्या किंवा विका असं सांगण्यासाठी नाही. पैसे लावण्याआधी सेबी-नोंदणीकृत सल्लागाराशी बोला.