घरच्या स्कॅनरसाठीं कृष्णधवल फिल्म

यवतमाळ जिल्ह्यांतील फुलसावंगीसारख्या गांवीं उन्हाळ्यांत काळ्या मातीची बारीक धूळ बंद कपाटांतहि शिरते. अशा घरीं कृष्णधवल फिल्मवर छायाचित्रें घेऊन तीं स्कॅनरनें संगणकांत उतरवूं पाहणाऱ्या हौशी माणसानें कोणती फिल्म निवडावी, या प्रश्नाचा विचार या धुळीपासूनच सुरू होतो. उदकमंडलमच्या सरकारी कारखान्याची 'इंदू' फिल्म आतां निघत नाहीं. परदेशी रिळाची किंमत पाहतां निवड चुकणें परवडत नाहीं.

कृष्णधवल फिल्मच्या दोन जाती आहेत. एफपी-४, एचपी-५, ट्राय-एक्स या पहिल्या जातींतल्या. त्यांवरील चित्र चांदीच्या कणांचें असतें. दुसरी जात इल्फर्डच्या एक्सपी-२ ची. ती धुतांना चांदी निघून जाते व तिच्या जागीं रंगद्रव्य राहतें.

कित्येक स्कॅनरांत धूळ व ओरखडे हुडकण्यासाठीं अवरक्त किरणांची योजना असते. हे किरण रंगद्रव्यांतून आरपार जातात, परंतु धुळीपाशीं अडतात. म्हणून यंत्राला डाग ओळखून पुसतां येतो. चांदी मात्र धुळीप्रमाणेंच हे किरण अडविते. चित्र कोणतें आणि धूळ कोणती हें यंत्राला कळेनासें होतें, व तें चित्रच बिघडवूं लागतें. चांदीच्या फिल्मवर ही योजना बंद ठेवून ब्रशनें व फुंकणीनें धूळ झाडावी, हेंच खरें.

दुसरी गोष्ट दाटपणाची. प्रकाश किंचित् अधिक दिल्यास एक्सपी-२ चा कण बारीक दिसतो. चांदीच्या फिल्मचा भरड होतो, शिवाय अति दाट निगेटिव्हमधून स्कॅनरचा प्रकाश नीट पार जात नाहीं. म्हणून चांदीची फिल्म थोडी कमी धुवून निगेटिव्ह सौम्य ठेवावी.

मग एक्सपी-२ च सर्वांनीं घ्यावी काय? ती रंगीत फिल्मप्रमाणें ३८ अंशांच्या रसायनांत धुवावी लागते. त्यासाठीं बहुधा शहरांतील प्रयोगशाळा गांठावी लागते. चांदीची फिल्म घरींच २० अंशांवर धुतां येते. विदर्भाच्या उन्हाळ्यांत भांड्याभोंवतीं बर्फ ठेवला म्हणजे झालें. शिवाय रंगद्रव्य काळानें फिकें पडतें. हायपो नीट काढून टाकलेली चांदी पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

तात्पर्य, श्रम वांचवावयाचे असल्यास एक्सपी-२. आजीआजोबांचीं चित्रें नातवंडांसाठीं राखावयाचीं असल्यास एफपी-४ सारखी बारीक कणांची फिल्म. संगणकांतील प्रत एखाद्या दिवशीं नाहींशी होईल. निगेटिव्ह जपलेली असली, तर ती पुन्हां काढतां येईल.