पोथी कोणी विकत घ्यावी?

पत्त्यांचा डाव मांडायचा तर एक जोड पुरतो, बुद्धिबळाला एक पट. चौघांनी चार जोड आणावेत असे कोणी म्हणत नाही. परंतु गेल्या पन्नास वर्षांत असा एक खेळ रूढ झाला आहे की, त्यात पट-सोंगट्या असल्या तर असल्या, नसल्या तर नसल्या. मुख्य साहित्य म्हणजे फासे आणि ग्रंथ! पुण्यामुंबईतही तो खेळणारी तरुण मंडळी आहेत. हा ग्रंथ पदरमोड करून कोणी घ्यायचा, यावरून खेळगड्यांत रुसवेफुगवे होतात.

खेळाचे नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ साली बाजारात आणला. एकजण सूत्रधार होऊन कथा सांगू लागतो. भुयाराचे दार किलकिले आहे, आतून गुरगुर ऐकू येते आहे. बाकीचे कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर होऊन आपण काय करणार ते सांगतात. बेत साधला की फसला, ते २० बाजूंचा फासा ठरवतो. मात्र किती दान पडले म्हणजे साधला, हे पोथीत!

पहिली पोथी म्हणजे पेटीतल्या तीन पुस्तिका. किंमत १० डॉलर. पुढे तिला बाळसे धरले. १९७७ साली राक्षसांचे, १९७८ साली खेळाडूंचे आणि १९७९ साली सूत्रधाराचे, असे वेगवेगळे ग्रंथ निघाले. २०२४ साली निघालेल्या खेळाडूंच्या ग्रंथाची पाने ३८४ आणि किंमत जवळजवळ ५० डॉलर. रुपयांत हिशेब मांडून वाचकांची दिवाळी बिघडवत नाही.

बहुधा होते असे की, सूत्रधारच सारे ग्रंथ घेतो, रात्री जागून वाचतो, वर चहाही तोच पाजतो. बाकीचे हात हलवीत येतात आणि ऐन लढाईत विचारतात, "माझ्या मंत्राने काय होते हो?" एकच पुस्तक पाचजणांत फिरते आणि तोवर राक्षस बिचारा ताटकळत उभा! पाठ्यपुस्तकाशिवाय वर्गात येणारी मुले रोज पाहणाऱ्या मला या सूत्रधाराची कणव येते.

म्हणून खरेदीची सक्ती करावी काय? मुळीच नको. त्याने शिकणारा, खिसा हलका असलेला पोर पहिल्याच दिवशी बाहेर राहील. शिवाय कंपनीनेच २०१४ साली प्राथमिक नियम फुकट दिले आणि २०२३ साली मुख्य नियमांचा मोठा भाग कोणालाही वापरता येईल अशा परवान्याखाली खुला केला. तेव्हा 'पैसे नाहीत म्हणून नियम ठाऊक नाहीत' ही सबब उरलेली नाही. नाटकातला नट अख्खे नाटक विकत घेत नाही, पण आपली नक्कल पाठ करूनच तालमीला येतो. तेवढे करायलाच हवे.

मात्र वर्ष-वर्ष खेळणाऱ्याने, त्यातून मांत्रिकाने, खेळाडूंचा ग्रंथ स्वतःचा घ्यावा. त्याचा बराच भाग मंत्रांनीच व्यापलेला आहे. योद्ध्याचे उसन्यावर भागते. सूत्रधाराच्या ग्रंथात खेळाडूंनी डोकावूच नये, असे गायगॅक्सनेच बजावले होते. तेव्हा तो एकच असावा आणि वर्गणीतून घ्यावा. मंडळ फुटल्यावर तो कोणाकडे राहणार, हे मात्र वर्गणी काढतानाच ठरवावे. माझे मत सूत्रधाराला. चहाचे पैसे कोणीच दिलेले नसतात.