उप-आज्ञावलींचे कपाट

केंब्रिज विद्यापीठाच्या गणित प्रयोगशाळेत मॉरिस विल्क्स यांच्या देखरेखीखाली तयार झालेला एडसॅक हा संगणक ६ मे १९४९ रोजी प्रथम चालला. त्याच्या आज्ञावली कागदी फितीवर छिद्रे पाडून लिहीत. एक छिद्र चुकले तरी सारे गणित वाया जाऊ शके. वर्गमूळ काढण्यासारखी नित्याची कामे प्रत्येकाने नव्याने लिहिणे म्हणजे चुकांना आमंत्रणच होते. म्हणून पारखून घेतलेल्या उप-आज्ञावलींच्या फिती एका पोलादी कपाटात ठेवण्यात आल्या. हवी ती फीत काढावी व यंत्राच्या साहाय्याने आपल्या फितीवर उतरवून घ्यावी. परंतु काम आटोपल्यावर संगणकाने मूळ आज्ञावलीत नेमके कोठे परतावे? डेव्हिड व्हीलर यांनी मोठी चतुर युक्ती काढली: निघाल्याची जागा सोबत न्यायची आणि तीवरून परतीची आज्ञा उप-आज्ञावलीने स्वतःच रचायची.

एक उणीव मात्र राहिली. कपाटातील प्रत सुधारली, तरी आधी उतरवलेल्या नकलांतील चूक तशीच राही. आज दूरच्या संगणकाला पाठवायच्या एचटीटीपी विनंत्या अनेक फायलींत लिहिलेल्या असतात; त्यांची सामायिक आज्ञावली वेगळ्या फायलीत ठेवून प्रत्येक ठिकाणी तिचा केवळ निर्देश करता येतो. तेथे दुरुस्ती एकदाच करावी लागते. नवी चूकही अर्थात त्याच वाटेने सर्वत्र पोहोचते.