भरती-ओहोटी आणि बर्फाचे भूकंप

पश्चिम अंटार्क्टिकात व्हिलन्स नावाचा हिमप्रवाह आहे. सुमारे ८०० मीटर जाडीचा हा बर्फ रॉस समुद्रावर तरंगणाऱ्या अवाढव्य हिमतटाला जाऊन मिळतो. हिमनदी म्हटली की संथ, अखंड सरकणारा बर्फ डोळ्यांसमोर येतो. व्हिलन्सचं तसं नाही. तो तासन् तास जवळजवळ जागच्या जागी रुतून बसतो आणि मग अर्ध्या तासात सुमारे अर्धा मीटर पुढे जातो. पुन्हा ठप्प. बहुतेक दिवशी हे दोनदा घडतं. बर्फावर रोवलेल्या जीपीएस यंत्रांच्या नोंदींवरून रॉबर्ट बिंडशॅडलर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हे जगापुढे मांडलं.

२००८ मध्ये डग्लस वीन्स यांच्या गटाने आणखी थक्क करणारी गोष्ट दाखवली. या सरकण्यातून उठणाऱ्या लहरी शेकडो किलोमीटर दूर, थेट दक्षिण ध्रुवावरच्या भूकंपमापकांवर उमटत होत्या. किती बर्फ किती सरकला याचा हिशेब मांडला, तर तो ७ तीव्रतेच्या भूकंपाइतका भरतो! तरीही तिथे उभ्या असलेल्या माणसाला पायाखाली काही जाणवणार नाही. खऱ्या भूकंपात जे काही सेकंदांत उरकतं, त्याला इथे अर्धा तास लागतो.

बर्फाच्या तळाशी काय आहे, हे २०१३ च्या जानेवारीत प्रत्यक्ष दिसलं. गरम पाण्याच्या झोताने बर्फाला आरपार भोक पाडून संशोधक खालच्या व्हिलन्स सरोवरापर्यंत पोहोचले. तिथे जेमतेम दोन मीटर खोल पाणी होतं आणि त्याखाली मऊ, ओला गाळ. अशा गाळावरून बर्फ सहज घसरतो, पण काही ठिकाणी तळ त्याला घट्ट धरून ठेवतो. जड कपाट ढकलताना ते आधी हलत नाही आणि मग एकदम पुढे जातं, तसाच हा प्रकार. ढकलण्याचं काम गुरुत्वाकर्षण करतं. समुद्र फक्त वेळ ठरवतो. भरतीला तरंगता हिमतट मागच्या बर्फाला रेटून धरतो, पाणी उतरू लागलं की तो रेटा सैल होतो. रॉस समुद्रात बहुतांशी दिवसातून एकच भरती येते. बर्फ एकदा भरतीनंतर थोड्या वेळाने सुटतो आणि एकदा ओहोटीच्या जरा आधी. जितका जास्त वेळ अडकला, तितकी पुढची झेप मोठी.

पश्चिम अंटार्क्टिकाच्याच दुसऱ्या बाजूला, वेडेल समुद्राकडे वाहणाऱ्या रटफर्ड हिमप्रवाहात असे झटके नाहीत, पण समुद्राची सत्ता तिथेही चालते. हिल्मर गुडमुंडसन यांनी २००६ मध्ये दाखवलं की त्याचा वेग दर पंधरवड्याला सुमारे २० टक्क्यांनी कमी-जास्त होतो, आणि हा परिणाम बर्फ जिथे तरंगू लागतो तिथून ४० किलोमीटर आतही जाणवतो! अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग कोकणातल्या मच्छीमाराला पाठ असतो. त्याच चक्रावर हा बर्फही चालतो.

व्हिलन्सकडे मात्र काळजीपूर्वक पाहायला हवं. गेली कित्येक दशकं तो मंदावतो आहे आणि भरती-ओहोटीतला फरक कमी असतो त्या दिवसांत त्याची एखादी झेप चुकते. अशा चुकलेल्या झेपा वाढत चालल्याचं २०१४ मधल्या अभ्यासात दिसलं. शेजारचा कांब हिमप्रवाह सुमारे दीडशे वर्षांपूर्वी असाच थांबला आणि तिथे आता बर्फ साठतो आहे. व्हिलन्सही थांबला, तर रॉस समुद्राकडे जाणारा बर्फ आणखी घटेल. समुद्रपातळी किती वाढेल याचा अंदाज बांधताना ही वजाबाकी धरावीच लागते.