टायरवरील दोन लेख : पुढील चाकांची झीज आणि नव्या टायरची निवड

पुढील चाकांच्या ओढीने चालणारी एखादी लहान मोटार वीस-पंचवीस हजार किलोमीटर धावली, की तिचे पुढचे दोन टायर गोटा झालेले आणि मागच्या दोहोंची नक्षी मात्र अद्याप निम्म्याहून अधिक शिल्लक, असे पुष्कळदा आढळून येते. मालक दुकानात जातो आणि विचारतो, “परवडेल आणि जास्त चालेल, असा टायर कोणता?” दुकानदार दोन-तीन नावे आणि किमती सांगतो, व्यवहार पुरा होतो, आणि पुन्हा तेवढेच अंतर कापल्यावर तोच प्रश्न त्याच दुकानात विचारला जातो. उत्तर मिळूनही प्रश्न सुटत नाही, याचे कारण रबराच्या गुणदोषांत जितके आहे, तितकेच ते चिन्हांच्या वाचनात आहे. म्हणूनच हा विषय वरवर यंत्रशाळेचा दिसला, तरी अर्थविचाराच्या अभ्यासकाने त्याची दखल घ्यावी, असा आहे.

१. लेखांचे दोन प्रकार

वापरलेल्या टायरवर दोन लेख असतात. पहिला कारखान्यात साच्यातून उमटलेला, बाजूवरील अक्षरांचा व अंकांचा. दुसरा रस्त्याने खाचांच्या नक्षीवर उमटविलेला, झिजेचा. पहिल्यातील चिन्हे सांकेतिक आहेत. ‘एच’ या अक्षरात वेगाचा कोणताही अंश नसतो, केवळ ठरावाने ते अक्षर वेगमर्यादेचे वाचक झाले आहे. दुसऱ्यातील चिन्हे कार्यकारणभावाने बांधलेली आहेत. आतली कड झिजली, याचा अर्थ कोणी ठरवून दिलेला नाही, तो त्या झिजेच्या कारणातच आहे. चिन्हांचा हा भेद पर्सने केला, तसा आपल्याकडील न्यायदर्शनानेही निराळ्या वाटेने केला आहे. नैयायिकांच्या परिभाषेत पहिला लेख शब्दप्रमाणाचा विषय होय, तर दुसरा अनुमानाचा. आणि त्यातही ज्याला ‘शेषवत्’ म्हणतात, म्हणजे कार्यावरून कारणाकडे जाणे, त्या प्रकारच्या अनुमानाचा. नदीचा पूर पाहून वर पाऊस झाला असावा असे ताडणे आणि टायरची कड पाहून चाकाचा कोन बिघडला असावा असे ताडणे, ही दोन्ही एकाच जातीची आहेत.

ग्राहक सामान्यतः पहिला लेख अर्धवट वाचतो आणि दुसरा टाकून देतो. जुना टायर दुकानातच राहतो आणि त्याच्याबरोबर त्यावरील साक्षही जाते.

२. पुढचीच चाके आधी का झिजतात

अशा मोटारीत इंजिन आणि गिअरपेटी पुढे असल्यामुळे वजनाचा मोठा वाटा पुढील चाकांवर पडतो. गाडी ओढण्याचे काम तीच करतात, वळविण्याचेही तीच. आणि ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे झुकत असल्यामुळे थांबविण्याचे बहुतांश कामही त्यांच्याकडेच येते. मागची चाके यामानाने केवळ मागे धावत येतात. तेव्हा पुढील टायरांची झीज अधिक जलद होणे हा स्वतः दोष नव्हे. यावरचा उपाय म्हणजे ठराविक अंतराने, साधारणतः आठ ते दहा हजार किलोमीटरांनी, टायरांची अदलाबदल करणे. अशा मोटारीत पुढचे टायर सरळ मागे आणि मागचे तिरपे पुढे आणण्याची पद्धत रूढ आहे; मात्र ज्या टायरांवर फिरण्याची दिशा बाणाने दाखविलेली असते, ते त्याच बाजूला पुढचे मागे असेच बदलावे लागतात.

दोषसूचक झीज याहून निराळी असते. ती सर्व रुंदीवर सारखी नसते, आणि हाच तिचा विशेष.

३. झिजेचा लेख कसा वाचावा

दोन्ही खांदे झिजले आणि मध्यभाग शाबूत राहिला, तर हवा कमी होती, असे अनुमान निघते; कारण कमी हवेचा टायर मध्यभागी उचलला जाऊन कडांवर टेकतो. मध्यभागच तेवढा झिजला असेल, तर हवा अधिक होती. नक्षीवर थोड्या थोड्या अंतराने खळगे पडले असतील, तर धक्काशोषक निकामी झाले असण्याचा किंवा चाकाचा तोल बिघडल्याचा संभव असतो. एकाच ठिकाणी सपाट चट्टा असेल, तर तेथे चाक जाम होऊन घसटले असले पाहिजे.

एकच कड झिजली असेल, तर मात्र अनुमान सावधपणे करावे लागते, कारण येथे हेतू सव्यभिचार आहे. एकाच चिन्हाची दोन कारणे संभवतात. चाके वरून पाहिली असता एकमेकांशी समांतर नसणे, ज्याला कारागीर ‘टो’ म्हणतात, हे एक कारण. चाक समोरून पाहिले असता उभ्या रेषेपासून आत वा बाहेर झुकलेले असणे, ज्याला ‘कॅम्बर’ म्हणतात, हे दुसरे. यांतील भेद तळहाताने कळतो. गाडी उभी असताना, टायर गरम नाही याची खात्री करून, नक्षीवरून हात आडवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत असा फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे खरखरीत लागले, तर दोष टोचा आहे. दोन्ही दिशांनी सारखेच लागूनही कड उतरलेली असेल, तर कॅम्बरचा संशय घ्यावा.

टोचा दोष किती महाग पडतो, याची कल्पना साध्या त्रिकोणमितीने येते. एखादे चाक आपल्या खऱ्या दिशेपासून केवळ अर्ध्या अंशाने वळलेले असेल, तर प्रत्येक किलोमीटरमागे त्याला सुमारे पावणेनऊ मीटर आडवे घासटावे लागते. दहा हजार किलोमीटरांत ही घसट सत्याऐंशी किलोमीटरांवर जाते. कोणतेही रबर इतके आडवे घासून दीर्घकाळ टिकणार नाही, मग ते कितीही चांगल्या कारखान्याचे असो.

येथे एक व्यावहारिक अडचण ध्यानात घेतली पाहिजे. पुढील टायरची आतली कड उभ्या माणसाच्या दृष्टीस पडत नाही. बाहेरून नक्षी भरदार दिसत असताना आतून तारा उघड्या पडल्याचे प्रकार यामुळेच घडतात. सुकाणू एका बाजूला पूर्ण वळवून मग वाकून पाहिले, म्हणजे हा भाग दिसतो. खाचांची खोली आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन ठिकाणी मोजून लिहून ठेवली, तर हा लेख आकड्यांत वाचता येतो. नव्या मोटार-टायरच्या खाचा बहुधा सात ते आठ मिलिमीटर खोल असतात. खाचांच्या तळाशी मुद्दाम ठेवलेले उंचवटे १.६ मिलिमीटरांचे असतात, आणि नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायरचे आयुष्य संपले असे धरतात.

४. दुकानातील भाषा आणि तिचे परिणाम

टायरच्या व्यवहारातील मराठी अत्यंत लाघवी आहे. ‘गाडी टायर खाते’ या प्रयोगात कर्तेपण गाडीकडे दिले आहे, आणि ते यथार्थ आहे. ‘टायर लवकर झिजतो’ असे म्हणताच दोष टायरकडे जातो आणि मालक नव्या नावाच्या शोधाला लागतो. ‘आतून खाल्लाय’ एवढे कारागिराचे वाक्य वर वर्णिलेल्या अनुमानाचा सारांश असते. पण ते ऐकून मालकाने पुढचा प्रश्न, ‘कशाने?’, हा विचारला पाहिजे.

लाघवामुळे अर्थहानी होते, अशी दोन उदाहरणे आहेत. ‘अलाइनमेंट-बॅलन्सिंग’ हा आता जणू एकच सामासिक शब्द झाला आहे. वस्तुतः ही दोन भिन्न कामे आहेत. पहिल्यात चाकांचे कोन जुळवितात. दुसऱ्यात रिमला लहान वजने लावून चाकाचा तोल साधतात. कड खाणारी गाडी केवळ बॅलन्सिंगने सुधारत नाही, आणि वेगात सुकाणू थरथरणे केवळ अलाइनमेंटने थांबत नाही. समासामुळे दोन पदार्थ एक भासू लागले, की यांपैकी एकच काम होऊनही दोन्ही झाल्याचे समाधान मिळते. कोन जुळविण्याच्या कामानंतर पूर्वीचे आणि नंतरचे माप दाखविणारा कागद मागून घेणे, हा त्यावरचा उपाय.

दुसरे उदाहरण ‘बत्तीस हवा’ हे. यात परिमाणाचा अध्याहार आहे. दर चौरस इंचाला पौंड हे ऐकणाऱ्याला ठाऊक असल्यामुळे त्याने काही बिघडत नाही. पण त्याबरोबर आणखी एक पद गळून पडते, ते म्हणजे ‘थंड’. मोटारीच्या दाराजवळील पट्टीवर छापलेला दाब थंड टायरचा असतो. तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढले, तर दाब सुमारे दीड पौंडाने वाढतो. वैशाखातील दुपारी लांबचा पल्ला मारून आलेल्या गाडीचा टायर सकाळच्या मानाने वीस अंशांनी तापलेला असेल आणि त्यातील हवा तेव्हा ‘बत्तीस’ला आणून सोडली असेल, तर दुसऱ्या दिवशी पहाटे ती एकोणतीस भरेल. मालक नियमाने हवा तपासत असतो आणि तरीही टायरचे दोन्ही खांदे झिजत राहतात, याचे रहस्य पुष्कळदा या एका गळलेल्या विशेषणात असते.

५. छापील लेख

आता पहिल्या लेखाकडे वळता येईल. ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ हे उदाहरण घेऊ. १८५ ही रुंदी मिलिमीटरांत. ६५ ही बाजूच्या उंचीची रुंदीशी असलेली टक्केवारी, म्हणजे ती उंची सुमारे १२० मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी. १५ हा रिमचा व्यास इंचांत. ८८ हा भारांक, म्हणजे एका टायरला ५६० किलोग्रॅम. आणि ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटर ही वेगमर्यादा. एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच नांदतात. वेगाच्या अक्षरांत टी म्हणजे १९०, यू म्हणजे २०० आणि त्यानंतर वर्णक्रम मोडून एच येतो, मग व्ही म्हणजे २४०. मोजकीच अक्षरे असलेल्या जुन्या व्यवस्थेतील ‘एच’ नव्या क्रमात तसाच राहून गेला. भाषेतील अनियमित रूपांप्रमाणेच ही अनियमितताही इतिहासाची खूण आहे. मालकाने येथे एवढेच पाहावे, की आकार, भारांक आणि वेगाक्षर गाडीच्या उत्पादकाने सांगितल्यापेक्षा उणे नाहीत.

उत्पादनाचा काळ चार अंकांत असतो. ‘२३२४’ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. रबर न वापरताही जुने होते. दुकानात दीर्घकाळ पडून राहिलेला टायर स्वस्त मिळाला, तरी त्याच्या आयुष्याचा काही भाग आधीच सरलेला असतो.

टिकाऊपणाविषयी छापलेला अंक ‘ट्रेडवेअर’ या नावाने असतो. ही पद्धत अमेरिकेतील नियमांची. परंतु भारतात मिळणाऱ्या अनेक टायरांवरही तो अंक आढळतो. टेक्सासमधील सॅन अँजेलो येथील ठरलेल्या मार्गावर ७२०० मैल चालवून, एका प्रमाण टायरच्या तुलनेत ही झीज मोजतात. ४०० हा अंक २०० च्या दुप्पट झीजसहत्व सुचवितो. तो किलोमीटर सांगत नाही. शिवाय चाचणीवरून अंक ठरवितो तो उत्पादक स्वतःच. नैयायिक शब्दाला प्रमाण मानतात, ते तो आप्ताचा असेल तर. येथे आप्त आणि विक्रेता एकच आहेत. म्हणून हा अंक एकाच उत्पादकाच्या दोन टायरांत तुलना करण्यास उपयुक्त, दोन उत्पादकांमध्ये मात्र केवळ सूचक, असे मानणे योग्य.

त्याच्या शेजारचे ‘ट्रॅक्शन’चे अक्षर दुर्लक्षू नये. ए.ए., ए, बी, सी हा उतरता क्रम ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत थांबण्याच्या क्षमतेचा आहे. दीर्घायुषी रबर पुष्कळदा कठीण असते आणि भिजल्या रस्त्यावर त्याची पकड कमी पडू शकते. कोकणातील घाट आषाढात उतरणाऱ्या गाडीला हा सौदा परवडणारा नाही. केंद्र शासनाने २०२२ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांत ओल्या रस्त्यावरील पकडीची किमान अट घातली गेली आहे. २००९ च्या गुणवत्ता-नियंत्रण आदेशामुळे आलेली आय.एस.आय. खूणही किमान दर्जाचीच ग्वाही देते. किमान दर्जा आणि दीर्घ आयुष्य हे दोन निरनिराळे अर्थ आहेत.

६. परवडण्याचा हिशेब

‘परवडणे’ या क्रियापदाचा अर्थ किमतीपाशी थांबत नाही. उदाहरणार्थ असे कल्पू, की ४००० रुपयांचा एक टायर निर्दोष गाडीवर ३५,००० किलोमीटर चालतो आणि ५५०० रुपयांचा ५५,००० किलोमीटर. पहिल्याचा खर्च किलोमीटरला सुमारे साडेअकरा पैसे, दुसऱ्याचा दहा पैसे. महागच स्वस्त ठरला. आता तीच गाडी टायर खाणारी आहे आणि कोणताही टायर १५,००० किलोमीटरांतच कडेने संपतो, असे धरू. पहिल्याचा खर्च सुमारे पावणेसत्तावीस पैसे होतो, दुसऱ्याचा पावणेसदतीस. निवड उलटली, आणि दोन्ही खर्च निर्दोष गाडीच्या दुपटीहून अधिक झाले. कोन जुळविण्याचा खर्च एका टायरच्या किमतीच्या मानाने अल्प असतो. तेव्हा टिकाऊ टायरसाठी जास्त पैसे मोजण्यास अर्थ येतो, तो कोन, हवा आणि अदलाबदल ही तीन कामे आधी सांभाळली असतील तर.

दोनच नवे टायर घ्यावयाचे असल्यास ते पुढे बसविण्याकडे सर्वसाधारण कल असतो, कारण झीज पुढे दिसते. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते मागे बसवावेत आणि मागचे बरे असलेले पुढे आणावेत. ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली, तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि वेग कमी करून ती सावरता येते. मागची सुटली, तर गाडी स्वतःभोवती फिरते आणि सामान्य चालकाला ती आवरत नाही.

७. निष्कर्ष

प्रारंभीच्या प्रश्नाचे स्वरूप यावरून बदलते. “जास्त चालेल असा टायर कोणता?” याच्या आधी “हा टायर का चालला नाही?” हा प्रश्न यावयास हवा, आणि त्याचे उत्तर दुकानदाराच्या शब्दापेक्षा जुन्या टायरच्या झिजेत अधिक विश्वसनीय रीतीने मिळते. छापील लेख नव्या टायरची मर्यादा सांगतो. झिजेचा लेख त्या मर्यादेपर्यंत तो पोहोचेल की नाही, हे सांगतो. दोन्ही वाचण्यासाठी लागणारे साधन म्हणजे खोली मोजण्याची एक लहान पट्टी, दाबमापक आणि मालकाचा तळहात. जुना टायर उतरविल्यावर तो दुकानदाराच्या स्वाधीन करण्यापूर्वी पाच मिनिटे उजेडात ठेवून पाहिला, तर नव्या टायरची निवड तेथेच अर्धी झालेली असते.